न मोजलेली पाटी

वेंगुर्ले तालुका,
रविवार, १४ नोव्हेंबर २०१०

प्रिय इल्मा,

हे पत्र टपालाने का, ईमेलने का नाही, असे तुला वाटेल. बंदरावरच्या सायबर कॅफेत टंकायला बसलो की मागे दोघेजण खोळंबून उभे असतात. मला जे लिहायचे आहे, ते कोणी मानेवर श्वास सोडत असताना लिहिण्यासारखे नाही. आपल्या लेखातल्या 'एकेचाळीस टक्के' या आकड्याबद्दल आहे. घाबरू नकोस, पण उभ्याने वाचू नकोस. बसून वाच, आणि वाचून झाल्यावर लगेच फोन करू नकोस. एक दिवस जाऊ दे.

आधी घरची खबर. तुझ्या बापाचा गुडघा बरा आहे असे तो म्हणतो आणि नाही असे फातिमाभाभी म्हणते. मी स्वतः पाहिले त्यावरून लिहितो: दुकानाच्या पायऱ्या चार आहेत, त्यातल्या पहिल्या दोन तो सरळ चढतो आणि उरलेल्या दोनला दाराची चौकट धरतो. दोर नि जाळ्यांचा धंदा बेताचाच. पण आपला लेख छापून त्याने गल्ल्यामागच्या भिंतीवर लावला आहे, अकराच्या अकरा पाने, ओळीने. गिऱ्हाइकाला इंग्रजी येवो न येवो, दोराचे वजन होईपर्यंत त्याला ते बघावेच लागते. "माझ्या चेडवान लिवलो," लेकीच्या कौतुकाने म्हणतो, आणि मग माझ्याकडे बोट दाखवून, "मासे मात्र ह्येचे." १९८८ साली पहिली फुलस्केप वही मला यानेच दिली होती आणि देताना म्हणाला होता, "लवू, मासो खाऊचो असता रे, लिवूचो नसता." आता स्वतःच्या भिंतीवर चिकटवतो आहे.

वही कशी सुरू झाली हे तुला ठाऊक आहे, पण आज पुन्हा सांगतो, कारण पुढच्या गोष्टीला ते लागणार आहे. त्या वर्षी रापण, म्हणजे सगळ्यांनी मिळून किनाऱ्यावर ओढायचे ते लांब जाळे, ओढून झाल्यावर वाळूत बसून भांडण झाले होते. निम्मे म्हणत होते मासे कमी झाले, निम्मे म्हणत होते हे दरवर्षीचेच रडणे आहे. मी म्हटले, कोणी लिहिले आहे का? कोणी लिहिले नव्हते. मी आठवी नापास, खरे तर नापास नव्हे, परीक्षेलाच बसलो नाही. पण अक्षर वळणदार. त्या दिवसापासून रापण लागली की वार, तिथी, वारा, पाण्याचा रंग, ओढायला माणसे किती, पाट्या किती, कुठल्या माशाच्या किती. हंगामात आठ वेळा एक अख्खी पाटी रिकामी करून मासा न् मासा मोजायचा आणि काट्यावर तोलायचा, म्हणजे पाटी म्हणजे किती हे वादात राहणार नाही. ज्या दिवशी रापण लागलीच नाही त्या दिवशी आडवी रेघ. एकवीस हंगाम, एकवीस वह्या, एक हजार आठशे चौसष्ट वेळा लागलेली रापण. मत्स्यखात्याच्या एका फाटक्या पुस्तकावरून आणि तुझ्या बापाने आणून दिलेल्या शब्दकोशावरून शास्त्रीय नावे शिकलो. बांगड्याला रास्ट्रेलिगर कानागुर्टा म्हणतात हे मी वाडीत सांगितले तेव्हा आठवडाभर मलाच कानागुर्टा म्हणत होते. म्हणोत. नाव बरोबर होते.

मग १९९९ साली ते सर आले. लांबच्या विद्यापीठातले, जीप घेऊन, तीन दिवस राहिले. माणूस सभ्य होता, कढी मागून मागून प्याला. दहा वह्या नेल्या, बाजारात त्यांच्या झेरॉक्स काढल्या आणि मूळ वह्या कागदात गुंडाळून परत पाठवल्या. छापून आले की पाठवतो, म्हणाले. २००१ मध्ये छापून आले. पाठवले नाही. तू तेव्हा बारावीला होतीस. आठवतो तुला तो दिवस? बंदरावर नवीनच सायबर कॅफे निघाले होते. माऊस तू धरला होतास, मी तुझ्या मागे उभा. लेखाचे नाव दिसले. पाच ओळींचा सारांश दिसला. त्यात आपल्या किनाऱ्याचे नाव दिसले. आणि त्याखाली पुढचे वाचायचे असेल तर तीस डॉलर भरा, तेही कार्डाने. तू म्हणालीस, "काका, वह्या तुमच्याच ना?" माझ्याच खोलीचे दार आणि कुलूप दुसऱ्याचे, असे काहीतरी वाटले. त्या लेखातला मासा न् मासा मी हाताळला होता. तो लेख माझ्यापासून मुद्दाम लपवला होता, असेही नव्हे. मी बघायला येईन हे कोणाच्या डोक्यातच आले नव्हते. याचा राग जास्त आला.

चार वर्षांनी तू गोव्याला शिकायला गेलीस आणि तिथल्या ग्रंथालयातून त्या लेखाची झेरॉक्स काढून पाठवलीस. शब्दकोश घेऊन मी नऊ दिवस वाचत होतो. शेवटी आभार होते, 'एका स्थानिक मच्छीमाराचे'. तेही सोड. पण १९९५ साली बांगडा आपल्या किनाऱ्यावरून जवळजवळ नाहीसा झाला होता, असे त्यात लिहिले होते! १९९५ साली रापणीचे जाळे फाटून एकतीस दिवस जाळी-होड्या ठेवायच्या मांगरात पडले होते. मी एकतीस आडव्या रेघा मारल्या होत्या. त्या विद्वान माणसाने रेघेचे शून्य केले. जाळे टाकले नाही आणि जाळ्यात मासा आला नाही, यांतला फरक वाडीतल्या शेंबड्या पोराला कळतो. मी संपादकाला दीड पानाचे इंग्रजी पत्र स्वतःच्या हाताने लिहिले. पत्र पोचले, असे उत्तर आले. बस. ते बांगड्याचे नाहीसे होणे अजून त्या कुलपाआड खरेच आहे. ज्यांनी ते वाचले त्यांना आमची वाडी ठाऊक नाही, आणि ज्यांना वाडी ठाऊक, त्यांना ते वाचता येत नाही. चुकीला आयुष्यभर सुखाने राहायला याहून चांगली जागा नाही.

म्हणून गेल्या वर्षी तू सगळ्या वह्या मागितल्यास तेव्हा मी अट घातली. जे छापशील ते आपल्या वाडीतल्या कोणालाही, कार्ड नसताना, फुकट वाचता आले पाहिजे. तू भांडली नाहीस, पण तुझा आवाज फोनवर बारीक झाला तो मला कळला. तुझ्या गाइडबाईंनी एका नावाजलेल्या नियतकालिकाचे ठरवले होते. तिथे छापले तर नोकरीला वजन पडते, आणि हे सगळ्यांना फुकट वाचता येणारे उघडे नियतकालिक नवे, त्याला कोण विचारतो, असे त्या म्हणाल्या होत्या. शिवाय तिथे वाचणाऱ्याऐवजी छापणाऱ्याकडून पैसे घेण्याची रीत. ते माफ व्हावेत म्हणून तू तीन अर्ज केलेस. हे सगळे तू मला नंतर सांगितलेस. मी तेव्हा काही म्हटले नाही. आता म्हणतो. तू माझ्यासाठी मोठी संधी सोडलीस आणि ते मी विसरलेलो नाही. फेब्रुवारीत लेख आला. पहिले नाव तुझे, दुसरे माझे, लवू गिरप, आडनावासकट. मी कॅफेत जाऊन छापून घेतला आणि घरी येऊन सगळे कोष्टक वहीशी ताडून पाहिले. एक आकडा चुकला नव्हता. पहिल्या तीन हंगामांत दर रापणीला सरासरी चौतीस पाट्या, शेवटच्या तीन हंगामांत वीस. घट एकेचाळीस टक्के. आडवी रेघ ती आडवी रेघ. मी त्या दिवशी चहात साखर जास्त घातली.

आता ऐक. या लेखाचे भाषांतर करून वाटायला कोणाची परवानगी लागत नाही, असे त्यातच छापले आहे. म्हणून मी दोन पानांत मराठी सारांश लिहिला आणि नारळी पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी, हंगामाआधीची बैठक असते तिथे, मांगरात उभा राहून वाचला. शंभरेक माणसे होती. बायकाही होत्या. सगळे गप्प ऐकत होते. भाई, आपल्या रापण संघाचा अध्यक्ष, पहिल्या रांगेत मान डोलवत होता, कारण मोठ्या जाळ्यांच्या यांत्रिक बोटी किनाऱ्यालगत येतात त्याविरुद्ध त्याने जो अर्ज केला आहे, त्यात हाच आकडा आहे. वाचून संपले, आणि मागून काशीबाईचा आवाज आला, "लवू, वाचून झाला? मगे आता माका सांग, आमची पाटी ह्येच्यात खंय आसा?" मी विचारले, कुठली पाटी? "मेल्या, जी मी एकवीस वर्सां तुझ्या पाठीमागसून उचलतंय ती!"

मांगरात असा हशा झाला की भाईलाही हसू आवरेना. मी हसलो नाही. मी सारांशाची दोन पाने घडी करून खिशात ठेवली.

तू बंदरावरची, तुला हे ठाऊक नसणार. म्हणून नीट सांगतो. रापण ओढून जाळ्याचे पोट वाळूत उघडले की लिलावाआधी पहिली पाटी काशीबाई भरते. तिच्याआधी तिची सासू भरायची. ओले फडके टाकून ती पाटी वाडीत नेतात, ज्या घरातून ओढायला येणारा पुरुष नाही त्या घरांसाठी. आणि ती भरून निघेपर्यंत आम्ही सगळे पुरुष दर्याकडे तोंड करून उभे राहतो. पाय धुतो, दोर गुंडाळतो, काहीही करतो, पण वळत नाही. कोणाच्या घरी किती गेले ते कोणी पाहायचे नाही, म्हणजे उद्या कोणी कोणाला बोलून दाखवायचे नाही. हा नियम कोणी लिहिलेला नाही. पण तो मोडलेला मी पाहिलेला नाही. आणि मी, वार, तिथी, वारा, पाण्याचा रंग लिहिणारा मी, सगळ्यांसारखा दर्याकडे तोंड करून उभा राहायचो, आणि वळल्यावर समोर जे असेल ते मोजायचो.

एकच पाटी असती तर फरक पडला नसता. मी स्वतःला असेच समजावले, दोन दिवस. तिसऱ्या दिवशी दुपारी काशीबाईच्या मागीलदारी गेलो. ती सोडे निवडत होती. वर न बघता म्हणाली, "इलंस? माका वाटला काल येशीत." पुढच्या दोन महिन्यांत सवड मिळेल तशा पाच दुपारी गेलो. तिला वाचता येत नाही, पण घरे तिला पाठ आहेत. कुठल्या सालापासून कुठले घर, आणि का. १९८८ साली अकरा घरे होती, त्या अकरांना एक पाटी पुरायची. मग मुलगे मुंबईला गेलेली घरे आली. मग रत्नागिरीकडे ट्रॉलरवर गेलेल्यांची, कारण तिथे महिन्याचा पगार. मग म्हाताऱ्यांची. २००९ पर्यंत घरे चव्वेचाळीस आणि पाट्या चार. म्हणजे पाण्यातला मासा कमी होत होता हे खरे, पण आमच्या पाठीमागून जाणारा मासा वाढत होता, आणि मी दोन्हींची मिळून एकच घट लिहिली. चौतीसचे पस्तीस होतात आणि विसाचे चोवीस. घट एकतीस टक्के, बिनचूक सांगायचे तर एकतीस पूर्णांक चार. सरांनी माझ्या आडव्या रेघेचे शून्य केले, म्हणून पाच वर्षे मी त्यांची चारचौघांत टिंगल केली. मी भरलेल्या पाटीचे शून्य केले. कोणाची चूक मोठी, ते तू ठरव. मी ठरवले आहे.

भाईला मी आधी सांगितले, कारण अर्ज त्याचा. तो उसळलाच. "लवू, तुका येड लागला? दोन डिसेंबराक ओरोसाक जिल्हाकचेरीत अर्जाची सुनावणी आसा. थंय तू धा टक्के मासे परत दर्यात सोडतलंस?" मी म्हटले, भाई, आकडा चुकीचा आहे. तो म्हणाला, "रवांदे मरे तसोच. कोण बघता?" तेव्हा मला, खरे सांगतो, बरे वाटले. कारण याचे उत्तर माझ्याकडे तयार होते. मी म्हटले, आता सगळे बघतात. बोटवाल्यांचा वकीलही फुकट बघतो, आणि काशीबाई शंभर माणसांसमोर बोलून गेली आहे. वकिलाने चूक दाखवली तर आपण खोटे. आपणच दाखवली तर आपल्या उरलेल्या एकतीसला हात लावायची कोणाची छाती नाही. भाईने खिशातून विडी काढली, पण पेटवली नाही. मग म्हणाला, "एकतिसावर भांडूक येयत?" मी म्हटले, येईल, एकतीस म्हणजे तिनातली जवळजवळ एक पाटी. "मगे बरा," म्हणाला आणि विडी पेटवली. दोन तारखेला दुरुस्त आकडा मी स्वतः घेऊन जाणार आहे.

म्हणजे वाडीचे मिटले. राहिली तू. जानेवारीत तुझी नोकरीची मुलाखत आहे. अर्जात लेख एकच आहे, आणि त्याला मी आता दुरुस्ती लावायला सांगतो आहे. समोर बसलेला कोणी विचारेल, बाई, तुमच्या लेखात चूक निघाली? तेव्हा मान खाली घालू नकोस. सांग, की ज्यांचे मासे होते त्यांना तो वाचता आला म्हणून निघाली. नऊ वर्षांपूर्वीच्या एका लेखातली अजून निघालेली नाही. हे मी तुला धीर द्यायला लिहीत नाही, मला तसेच वाटते. काशीबाईची एक अट आहे: घरांची नावे कुठेही छापायची नाहीत, नाहीतर "तुझी वही दर्यात टाकीन." मी शब्द दिला आहे. मासे सगळ्यांना वाचता यावेत, घरे नव्हेत. म्हणून सोबत फक्त सालवार घरांची आणि पाट्यांची संख्या पाठवतो, तिच्या अंगठ्यासह. दुरुस्तीत तिचे नाव आले पाहिजे. काशीबाई तांडेल, आभारात नव्हे, वर, आपल्या दोघांबरोबर. 'एका स्थानिक महिलेचे' असे लिहिलेस तर मी आणि ती दोघे गोव्याला येऊ.

कॅफेतून मी नियतकालिकाचा दुरुस्तीचा अर्ज छापून आणला आहे, तो भरून सोबत ठेवला आहे. माझी सही केली. पहिली लेखिका तू, तुझ्या सहीशिवाय तो जात नाही. त्यासाठीच हे पत्र. एक रकाना मात्र मी कोरा ठेवला आहे, कारण तिथे इंग्रजी नीट हवे: चूक कशामुळे झाली. नजरचूक, असे लिहू नकोस. पाचव्या दुपारी काशीबाई म्हणाली, "लवू, तू अठ्ठ्याऐंशीपासून लिवतंस. माझा अडुसष्टापासून आसा. तुझ्या आवशीपासून." मी पेन खाली ठेवले. अडुसष्ट साली माझा बाप बोटीवरून परत आला नाही, तेव्हा मी तेरा वर्षांचा होतो, म्हणून आठवीची ती परीक्षा राहिली, हे मी तुला कधी सांगितले नव्हते. मागच्या दाराने पाटी यायची, ओल्या फडक्याखाली, आणणारी काशीबाई, तेव्हा नवी सून. मी एकदा आत आलेले बांगडे मोजायला बसलो, तर आईने माझा हात धरला. "दिलेला मोजूचा नाय रे. मोजला काय ता दिलेला रवणा नाय." पुढे मोठा होऊन मी रापण ओढायला लागलो, आमचे घर त्या यादीतून निघाले आणि मी दर्याकडे तोंड करून उभा राहू लागलो. सगळे उभे राहत, पण दर्याकडे सर्वांत आधी मी वळायचो. तेव्हा त्या रकान्यात इतकेच लिही, माझ्या घराचे नाव घालायला माझी परवानगी आहे: नोंद ठेवणारा त्याच पाटीवर वाढला होता, म्हणून त्याने तिच्याकडे कधी पाहिले नाही. आता पाहिले आहे. सही कर आणि पाठव.

तुझाच, अजूनही वळणदार अक्षराचा,
लवूकाका